कारभारी बोरुडे, गोलकीपर: कवाड की फळी

ज्या वस्तीत कुणाच्या घराला कवाड नाही, त्या वस्तीतल्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची दारं अडवावीत, याला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्याकडं याला कारभारी बोरुडे म्हणतात.

बोरुडे वस्ती शनिशिंगणापूरच्या शिवेला लागून आहे. पंचवीस-तीस घरं, एक मारुती, एक किराणा दुकान, आणि जितकी डोकी त्याहून चार जास्त मतं. शिंगणापूरची रीत वस्तीही पाळते. घराला चौकट असते, चौकटीला पडदा असतो, पण कवाड नसतं. कडी नाही, कोयंडा नाही, त्यामुळं किल्ली कुणी हरवली यावरून नवरा-बायकोत भांडण नाही. भांडायला बाकीचे विषय भरपूर आहेत. कुत्रं-मांजर आत शिरून दुधात तोंड घालू नये म्हणून काही जण चौकटीला नुसती फळी टेकवतात. ती ठोकायची नाही, बिजागरीनं जोडायची नाही. टेकवायची आणि उचलायची. आणि कुणाकडं जायचं झालं तर वाजवायला दार नसल्यामुळं बाहेरूनच हाक द्यायची, "येऊ का?" आतून "या" आलं की आत जायचं. खोटं बोलायचं नाही आणि न विचारता शिरायचं नाही, कारण शनिदेव जवळच बसलेले आहेत आणि त्यांना दुसरं काही काम नाही, अशी वस्तीची पक्की समजूत.

कारभारीची आई मुक्ताबाई. देवळाच्या रस्त्याला तिचं पूजेच्या सामानाचं छोटं दुकान आहे. तेल, काळे उडीद, आणि रुईच्या पानांच्या माळा. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा, तो दुकानात बसेल, माळा ओवेल, असा तिचा साधा हिशोब होता. पण कारभारीची बोटं होती केळ्यांएवढी. त्या बोटांनी रुईचं पान धरलं की पान फाटायचं आणि दोराही तुटायचा. महिनाभरात आईनंच त्याला दुकानाबाहेर काढलं. मग तो कलिंगडाच्या टेम्पोवर हमाल म्हणून लागला.

आता कलिंगड झेलणं ही सोपी गोष्ट आहे असं ज्याला वाटतं त्यानं एकदा झेलून बघावं. टेम्पोवरचा माणूस वरून फेकतो, खालच्यानं झेलायचं, मागच्याला द्यायचं. हात ताठ धरले तर कलिंगड फुटतं. ढिले सोडले तर पायावर पडतं, आणि मग पायही फुटतो. कलिंगड येताना हात त्याच्यासोबत मागं न्यायचे, छातीशी घ्यायचं, आणि झोपलेलं लेकरू ठेवावं तसं ढिगावर ठेवायचं. पहिल्या फळाला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं, आणि मग दोन, तीन, चार. कारभारी एका उन्हाळ्यात हजारो कलिंगडं झेलायचा. त्यातलं फुटलेलं एकही मुकादमाला आठवत नाही, आणि हा मुकादम फुटलेलं फळ मेल्यावरही विसरणारा नव्हता.

वीस वर्षांपूर्वीच्या एका एप्रिलमध्ये टेम्पो नगरजवळच्या भिंगारला गेला. लष्कराच्या मैदानालगत भिंतीच्या सावलीत माल उतरवणं चाललं होतं. भिंतीपलीकडं फुटबॉलचा सामना. कुणीतरी गोलाच्या नावानं असा काही फटका मारला की चेंडू भिंतीवरून सरळ टेम्पोकडं आला. कारभारीनं वर बघितलं की नाही देव जाणे. हात मागं गेले, चेंडू छातीशी आला, तोंडातून "एकशे बारा" निघालं, आणि चेंडू कलिंगडांच्या ढिगावर जाऊन बसला.

चेंडू शोधत आले महमूदचाचा. भिंगारच्या जुन्या बाजारात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि नौबहार फुटबॉल क्लबचे संस्थापक, शिक्षक, खजिनदार आणि पंक्चर काढणारेही तेच. त्यांनी ढिगावरचा चेंडू उचलला, कारभारीकडं बघितलं, चार पावलं मागं गेले आणि जोरात त्याच्याच तोंडावर मारला. कारभारीनं झेलला आणि ढिगावर ठेवला. "एकशे तेरा." चाचांनी पुन्हा मारला. "एकशे चौदा." इथं मुकादम ओरडायला लागला, कारण त्याचा हिशोब चुकत होता.

चाचा मुकादमाला म्हणाले, "ह्या गड्याला रविवारी सुट्टी देत जा."

"का बरं?"

"आमच्या किपरला चेंडू आला की डोळे मिटायची सवय हाय. ह्याला न्हाई."

अशी कारभारीची कारकीर्द सुरू झाली. फुटबॉल म्हणजे काय हे त्याला पहिले सहा महिने कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर कळायची गरजही पडली नाही. पुढं जे काही चाललंय त्याच्याशी आपला संबंध नाही, जे येईल ते झेलायचं, एवढंच त्यानं धरलं. सामन्यातला पहिला चेंडू झेलला की तो मोठ्यानं "लाभ" म्हणायचा. समोरच्या संघाला सुरुवातीला हसू यायचं. चेंडू "पंधरा, सोळा" करत "बावीस"वर पोचेपर्यंत ते रडकुंडीला यायचे. एका वर्षी सलग नऊ सामने त्यानं गोल खाल्ला नाही. भिंगारच्या बाजारात त्याला चहा पाजायला लोक भांडू लागले. बायकोही, म्हणजे आरती, तिथलीच मिळाली, आणि तो भिंगारलाच राहू लागला. तिनं त्याला सामन्यात बघूनच होकार दिला. ज्याच्या हातून एवढं काही सुटत नाही त्याच्या हातून संसारही सुटायचा नाही, असा तिचा विचार. तो बरोबर निघाला.

मग ते डोक्याचं झालं. एका सामन्यात तो पुढच्याच्या पायातला चेंडू घ्यायला झेपावला आणि त्या गड्याचा गुडघा याच्या डोक्यात बसला. अकरा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात. मुक्ताबाई आयुष्यात एकदाच नगरला आली ती तेव्हा, दवाखान्यात. तिनं मुलाचं गुंडाळलेलं डोकं बघितलं आणि कारण तिथंच शोधून काढलं.

"कवाड नसलेल्या वस्तीचा तू. दुसऱ्याच्या चौकटीत कवाड हून उभा ऱ्हातोस. मंग देव डोक्यातच घालनार की."

खेळणं बंद कर, असं मात्र ती म्हणाली नाही. मुलगा ऐकणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं घरी जाऊन जुन्या गोधडीच्या चार पदरांची एक टोपी शिवली, हनुवटीखाली बांधायला नाडी लावली आणि टेम्पोवाल्याबरोबर धाडून दिली. आत एक काळा दोरा आणि दोन उडीदही शिवलेले होते. ते दोन उडीद पुढं बारा वर्षं कारभारीच्या डाव्या कानामागं टोचत राहिले.

ती टोपी घालून तो पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हा लोक हसून हसून आडवे झाले. कारभारीला तोंड लपवावंसं वाटलं. तेव्हा महमूदचाचांनी त्याला दुकानात नेऊन मोबाईलवर एक फोटो दाखवला. इंग्लंडात खेळणारा गोलकीपर, असाच डोक्याला लागलेला, आणि डोक्यावर अशीच टोपी. नाव पीटर चेक, देश चेक.

"नावबी तेच आन देसबी तोच?" कारभारीनं विचारलं.

"तू बोरुडे वस्तीचा बोरुडेच न्हवं का?" चाचा म्हणाले.

हे कारभारीला पटलं. जगात आपल्यासारखा आणखी एक माणूस आहे, आणि तोही टोपी घालून गोलात उभा राहतो, याचा त्याला फार आधार वाटला. त्यानं तो फोटो मोठा करून घेतला आणि टेम्पोत लावला. इंग्लंडात त्या माणसाइतके गोल न खाता सामने कुणी काढले नाहीत, हे तो भेटेल त्याला सांगायचा, जणू चुलतभाऊच. फोटो आईला दाखवला तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्याच्या आईनं शिलाई बारीक घातलीय."

पण खेळाबद्दल आई त्याहून जास्त कधी बोलली नाही. हीच कारभारीची खरी दुखती जागा. डोकं फुटल्यापासून दर सोमवारी तो वस्तीवर जायचा आणि रविवारचा सामना तिला सांगायचा. डावीकडून आला, असा वळला, मी असा गेलो, बोटांच्या टोकावर घेतला. मुक्ताबाई रुईच्या माळा ओवत "हं" म्हणायची. त्याचं संपलं की विचारायची, "जेवलास का?" भिंगारला येऊन बघ, म्हटलं तर मान हलवायची. "मला न्हाई बघायचं ते." बारा वर्षं त्यानं तिला सामने सांगितले आणि बारा वर्षं तिनं "हं" म्हटलं. अख्ख्या जिल्ह्यानं त्याला बघितलं, आईनं नाही.

यंदा कारभारी एक्केचाळीस वर्षांचा झाला. खाली वाकला की गुडघे कुरकुरतात आणि वर उठला की शिव्या देतात. त्यानं थांबायचं ठरवलं. महमूदचाचांनी निरोपाचा सामना ठेवला आणि विचारलं, "कुठं खेळायचं? तू म्हनशील तिथं."

कारभारीनं विचारही केला नाही. "आमच्या वस्तीवर," तो म्हणाला. "आमच्या घरासमोर मोकळं रान हाय. आई ओट्यावरून बघंल. एकदा तरी."

आई भिंगारला येत नाही, तर भिंगार आईकडं न्यायचं, इतका सरळ बेत. राहुरीच्या तरुण मुलांचा संघ यायला तयार झाला. चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच अशा दोन चौकटी टेम्पोतून आल्या आणि मुक्ताबाईच्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या. मुक्ताबाईनं त्या बघितल्या. "एवढं दार शुगर फॅक्टरीला बी नसतं," म्हणाली, आणि तडक भीमाआबांकडं गेली.

भीमाआबा म्हणजे वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे. वय विचारलं तर दर वेळी वेगळं सांगतात. रीतीभातीचा शेवटचा शब्द त्यांचा. मुक्ताबाई त्यांना म्हणाली, "आबा, भिंगारात काय केलं ते केलं. हितं माझा पोरगा चौकटीत कवाड हून उभा ऱ्हायला तर पुन्यांदा डोकं फुटंल त्याचं. तुमी सांगा काय ते."

झालं. सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी मारुतीसमोर वस्ती जमली. कारभारी मधोमध बसला होता, खुनाचा खटला चालू असल्यासारखा.

"चौकट चालती," आबा म्हणाले. "मागं ते जाळं हाय, त्यो पडदा समजू. त्योबी चालतो. प्रश्न ह्याचा हाय."

सगळ्यांनी कारभारीकडं बघितलं.

एक जण म्हणाला, कवाडाला बिजागरी असते, याला नाही, म्हणजे हा कवाड नाही. दुसरा म्हणाला, याचे गुडघे वाजतात ते काय मग? तिसऱ्याचं म्हणणं, कवाड उघडतं आणि मिटतं, हा तर कायमचा मिटलेला, म्हणजे ही भिंत झाली, आणि भिंतीला रीतीत कुठं मनाई आहे? यावर, घराच्या दारातच भिंत घालणारा शहाणा कोण, असा प्रश्न आला आणि पाऊण तास त्यावर गेला. कारभारीनं मध्येच सांगायचा प्रयत्न केला की हा खेळ आहे, आत घर नाही, चोरायला काही नाही. आबांनी त्याला हातानंच गप्प केलं. ज्याच्याबद्दल निवाडा चाललाय त्यानं बोलायचं नसतं.

शेवटी आबांनी निकाल दिला. कारभारी कवाड नाही. कारभारी म्हणजे फळी. चौकटीला नुसता टेकलेला, ठोकलेला नव्हे. फळी रीतीत बसते.

"पन फळी कुत्र्या-मांजरासाठी असती, मानसासाठी न्हाई," आबा पुढं म्हणाले. "समोरून मानूस आला, 'येऊ का' म्हनला, तर फळी बाजूला झाली पायजे. 'या' म्हनायचं आन वाट द्यायची. 'घरात कोनी न्हाई' असं उत्तर आलं तर मानसानं माघारी जायचं. तरी बी घुसला तर त्यो कुत्र्यात जमा. न विचारता घुसनाराला फळीनं खुशाल आडवावं."

मुक्ताबाई समाधानानं उठली. कारभारीला वाटलं, ठीक आहे. राहुरीच्या मुलांना हे कोण सांगतंय? ते काय "येऊ का" विचारत बसणार आहेत?

पण आमच्या वस्तीत गुपित राहत नाही. ठेवायला कपाटाला दारच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता दोन्ही संघ मैदानात उतरले, आणि सगळ्यांना समान न्याय मिळाला पाहिजे म्हणून भीमाआबांनी माईक हातात घेऊन सगळी रीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. नगरहून आलेल्या पंचानं आपलं नियमांचं पुस्तक चाळलं. गोलकीपरनं बाजूला होऊ नये असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं.

रीत वस्तीच्या माणसाला बांधलेली, राहुरीच्या किपरला नाही. राहुरीची मुलं हसली. त्यांना गंमत वाटली. तिसऱ्याच मिनिटाला त्यांचा ओम नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा चेंडू घेऊन एकटाच गोलासमोर आला. मुलगा चांगल्या घरचा. माईकवर म्हाताऱ्या माणसानं सांगितलंय तर विचारून बघावं म्हणून त्यानं विचारलं, "काका, येऊ का?"

कारभारीचे हात तयार होते, गुडघे वाकलेले होते, नजर चेंडूवर होती. पण एक्केचाळीस वर्षांच्या सवयीचं तोंड त्याच्या आधी उघडलं.

"या," तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

चेंडू जाळ्यात गेला. वस्तीनं टाळ्या वाजवल्या, कारण पाहुण्याचा मान राखला गेला होता. नौबहारच्या खेळाडूंनी डोक्याला हात लावले. मैदानाबाहेर महमूदचाचांनी आपली टोपी काढून जमिनीवर आपटली, मग उचलून झटकली आणि पुन्हा घातली.

त्यानंतर काय विचारता? राहुरीच्या प्रत्येक मुलाचं येऊ का, येऊ का. एक तर दोन्ही हात जोडून विचारत आला. एकानं "घरी सगळे बरे आहेत का?" असंही विचारलं आणि कारभारीनं "बरे हायेत" म्हणेपर्यंत गोल केला. न विचारता मारलेले चेंडू नेमके बाहेर जायचे. अर्धा वेळ संपला तेव्हा सहा-शून्य झालं होतं आणि कारभारीचा हात चेंडूला फक्त जाळ्यातून काढताना लागला होता.

मधल्या सुट्टीत चाचांनी त्याला धरलं. "'या' कशाला म्हनतो रे?"

"मंग काय म्हनू?"

"म्हन की, घरात कोनी न्हाई."

"चाचा, मी समोर उभा हाय. सहा फुटी. शनिम्हाराज तीन मैलावर. कसं म्हनू?"

"मग गप ऱ्हा. बोलूच नको."

"दारात आल्याला ओ द्यायची न्हाई? आमच्या वस्तीत?" कारभारीनं असं विचारलं की चाचांनाच आपण काहीतरी वाईट बोललो असं वाटलं.

मग तो आईकडं गेला. मुक्ताबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती, शेजारी आरती. मुक्ताबाईचा चेहरा खुललेला होता. बारा वर्षांत मुलाच्या खेळावरून तिला इतकं बरं कधी वाटलं नसेल.

"लई चांगलं करतोस बाबा," ती म्हणाली. "कसं वाट देतोस सगळ्यांना. मला वाटलं काय धसमुसळं असंल." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "एवढ्यासाठी अकरा टाके पडले व्हय रे तुला? नुसतं या-बसा करायला?"

वीस वर्षं. हजारो चेंडू. मोडलेली तीन बोटं, फुटलेलं डोकं, सलग नऊ सामने. आणि आई समजून चालणार की आपला मुलगा तिकडं बाजूला होऊन लोकांना आत सोडत होता. पुढच्या पंचेचाळीस मिनिटांत एक तरी चेंडू तिच्यासमोर अडवता आला नाही तर तिला दुसरं काही कधीच दिसणार नाही.

"आत्या," आरती सासूला हळूच म्हणाली, "यांचं काम आडवायचं हाय. बाजूला व्हायचं न्हाई."

मुक्ताबाईनं मुलाच्या तोंडाकडं बघितलं आणि मग पंचानं शिट्टी मारली.

दुसऱ्या अर्ध्यात कारभारी देवाला एकच मागत होता. एक उद्धट मुलगा पाठव. एकच, न विचारता घुसणारा. पण राहुरीनं त्या दिवशी निवडून संस्कारी मुलं आणलेली. सात झाले, आठ झाले. नववा गोल करणाऱ्यानं तर चप्पल काढावी तसे बूट दाराबाहेर झटकले. कारभारी प्रत्येक वेळी जाळ्यातून चेंडू काढायचा, क्षणभर छातीशी धरायचा आणि खाली मान घालून परत द्यायचा. वस्तीच्या टाळ्या आता थांबल्या होत्या. पाहुणचारालाही काही मर्यादा असते हे लोकांच्या लक्षात येऊ लागलं होतं, पण निकाल देऊन बसल्यावर आता बोलणार कोण?

शेवटची दोन मिनिटं उरली. नौबहारच्या एका वैतागलेल्या गड्यानं ओमला गोलासमोर आडवा पाय घातला आणि पंचानं पेनल्टी दिली. ओमनं चेंडू बारा पावलांवर ठेवला. समोर फक्त कारभारी. ओमलाही वाईट वाटत होतं. म्हातारा होत चाललेल्या माणसाचा शेवटचा सामना, आणि आपण विचारून विचारून त्याला नागवतोय. पण न विचारावं तर म्हातारबाबांच्या रीतीप्रमाणं आपण कुत्रं ठरणार. त्यानं मान खाली घातली आणि हळूच म्हटलं, "काका, येऊ का?"

कारभारीनं तोंड उघडलं. शब्द ओठावर आला होता.

"घरात कोनी न्हाई."

आवाज ओट्यावरून आला होता. सगळं मैदान वळलं. मुक्ताबाई खुर्चीवरून उठून उभी होती, पदर खोचलेला, आवाज शनिवारच्या गर्दीत गिऱ्हाईक बोलावताना असतो तसला.

"घर माझं हाय," ती म्हणाली. "आन मी सांगती, घरात कोनी न्हाई. उंद्या या."

गोलात सहा फुटी माणूस गोधडीची टोपी घालून उभा होता. सगळ्या वस्तीला तो दिसत होता. मुक्ताबाई उभ्या आयुष्यात खोटं बोललेली नव्हती, गिऱ्हाइकाशीसुद्धा नाही. भीमाआबांच्या हातातला माईक चालूच होता आणि त्यातून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"काय करू?" ओमनं पंचाला विचारलं.

"मार," पंच म्हणाला. त्याला शेवटची नगरची बस गाठायची होती.

ओमनं मारला. संस्कारी असला तरी मुलगा खेळाडू होता, एकदा मारायचं म्हटल्यावर त्यानं हातचं राखलं नाही. चेंडू उजव्या वरच्या कोपऱ्याकडं गेला. आणि एरवी कुरकुरणारे ते गुडघे एका झटक्यात सरळ झाले. कारभारी जमिनीपासून सुटला, आडवा झाला, दोन्ही हात चेंडूपर्यंत पोचले, चेंडूसोबत मागं आले, आणि तो चेंडू छातीशी घेऊनच खाली आदळला. मातीचा लोट उठला. लोट बसला तेव्हा चेंडू त्याच्या हातातच होता.

"लाभ," तो मोठ्यानं म्हणाला. मग माईकमधून भीमाआबा म्हणाले, "घरात कोनी न्हाई असं ऐकूनबी पोरगं घुसलं. फळीनं आडवलं ते रीतीला धरून झालं." आणि मग जो काही गोंधळ झाला तो शिंगणापूरच्या देवळापर्यंत ऐकू गेला असणार. चाचांनी टोपी पुन्हा आपटली आणि या वेळी ती तिथंच विसरून ते ओट्याकडं पळाले. नऊ-शून्यनं हरलेल्या संघाला जिंकलेल्या संघानं खांद्यावर घेतलेलं मी तरी दुसरीकडं बघितलेलं नाही.

खांद्यावरून उतरवल्यावर कारभारी आईकडं आला. मुक्ताबाई पुन्हा खुर्चीवर बसली होती.

"शनिवारी तेल घालीन देवाला," ती म्हणाली. "खोटं बोलले त्याचं. ते माझ्याकडं हाय, तुला काय न्हाई हुनार."

कारभारी खाली ओट्यावर बसला. तिनं त्याच्या टोपीची नाडी सोडली, टोपी काढली, आणि जुन्या टाक्यांवरून बोटं फिरवत राहिली.

"एवढ्या जोरात येतंय व्हय रे ते?"

"व्हय."

"आन दर वेळी असा उडी मारून धरायचास?"

"व्हय की आई."

"मला कधी सांगितलं न्हाईस."

कारभारीला बारा वर्षांचे सगळे सोमवार आठवले, पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.

मुक्ताबाईची बोटं थांबली. "सांगितलंस," ती म्हणाली. "दर सोमवारी सांगितलंस. मीच ऐकत न्हवते. भ्या वाटायचं मला." मग तिनं आरतीला आतून पाणी आणायला सांगितलं आणि खुर्चीवरून उतरून ओट्यावर मुलाच्या शेजारी बसली. "आता सांग बरं. पहिल्यापासून सांग."